मुंबईत अकरा वाजता : नियम सांभाळून जेवावे कोठे?

कोल्हापूरहून निघणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस सांगली, कराड, सातारा ही स्थानके घेत रात्रभर धावते आणि सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर येऊन थांबते. सौद्यासाठी निघालेले सांगलीचे हळद-बेदाण्याचे व्यापारी या गाडीने उतरतात, आणि लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी निघालेली सातारा-फलटणकडील कुटुंबेही उतरतात. स्नान होते, देवदर्शन होते, आणि मग प्रत्येक कुटुंबापुढे तोच प्रश्न उभा राहतो. जेवावे कोठे?

हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण एकाच कुटुंबात कंदमूळ वर्ज्य असलेली आजी असते, दुकान उघडण्यापूर्वी बाजार गाठण्याची घाई असलेला मुलगा असतो आणि मुंबईतल्या मैत्रिणींकडून ‘ब्रंच’चे कौतुक ऐकून आलेली नात असते. बहुतेक वेळा तिघांची तोंडे तीन दिशांना जातात. मुलगा उभ्याउभ्या काहीतरी खाऊन घेतो, नात एखाद्या कॅफेत शिरते आणि आजी ‘मला भूक नाही’ असे म्हणून डब्यातल्या खाकऱ्यावर दिवस काढते. पुढच्या खेपेला आजी गावीच राहते. नातही हळूहळू समजून चालते की नियम हे घरात पाळायचे असतात, शहरात नव्हेत. थोड्या विचाराने हे दोन्ही टाळता येते.

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. सकाळची न्याहारी आणि दुपारचे जेवण एकत्र करून अकराच्या सुमारास बसण्याची रीत शहराला नवी वाटते. जैन घरांना ती नवी नाही. सूर्योदयानंतर दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, गेल्यावर नवकारसी पारता येते. पोरसीला एक प्रहर लागतो आणि साढपोरसीला दीड प्रहर. प्रहर म्हणजे दिनमानाचा चौथा भाग. म्हणून या वेळा ऋतूप्रमाणे सरकतात. डिसेंबरअखेर मुंबईत सूर्य सातनंतर दहाएक मिनिटांनी उगवतो आणि दिवस अकरा तासांचाच असतो. त्या दिवसांत नवकारसी आठच्या सुमारास येते, पोरसी दहाच्या थोडी आधी आणि साढपोरसी सव्वाअकराच्या आसपास. मेच्या मध्यावर दिवस तेरा तासांचा होतो, पण सूर्य सहालाच उगवतो. तेव्हा साढपोरसी अकराच्या आतच येते. नेमकी वेळ त्या दिवसाच्या पंचांगावरूनच घ्यावी, आणि ती मुंबईची घ्यावी, सांगलीची नव्हे.

दिगंबर परंपरेतही ही वेळ ओळखीची आहे. मुनिमहाराज दिवसातून एकदाच, उभ्याने, ओंजळीत आहार घेतात आणि तो सहसा सकाळच्या उत्तरार्धातच होतो. गावात संघ असला की घरोघरी पडगाहनासाठी श्रावक-श्राविका दारात उभ्या राहतात आणि आहार झाल्यावरच घरची पाने वाढली जातात. नातीला जो ब्रंच हवा आहे, त्याच वेळेला तिची आजी आयुष्यभर जेवत आली आहे.

वेळ जुळली की जागा शोधणे सोपे जाते. टर्मिनसवरून कापड बाजाराकडे निघालेल्या कुटुंबाला काळबादेवी-भुलेश्वरचा परिसर सर्वांत सोयीचा. मूळजी जेठा मार्केट हा १८७४ पासूनचा कापड बाजार येथेच आहे. पायधुनीचे श्री गोडीजी पार्श्वनाथ मंदिर १८१२ मधले. २०१२ मध्ये त्याला दोनशे वर्षे पूर्ण झाली. सी. पी. टँकवरील हिराबाग ही धर्मशाळा दिगंबर समाजाला जवळची. तिच्यामागे सेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी (१८५१–१९१४) यांच्या घराण्याचे दातृत्व आहे. परगावचा श्रावक मुंबईत उतरला तर त्याने राहावे कोठे, खावे काय, ही चिंता त्या पिढीने स्वतःची मानली होती.

या भागातले पहिले उत्तर म्हणजे मंदिरे व धर्मशाळांना जोडलेल्या भोजनशाळा. कुंभोज-बाहुबलीला डोंगर चढून दर्शन घ्यायचे आणि खाली येऊन भोजनालयात बसायचे, याची सांगलीकरांना सवय आहेच. मुंबईतही क्रम तोच ठेवावा. बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशी किंवा सकाळी लवकर संख्या कळवावी लागते. आयंबिल करणाऱ्यांनी उपाश्रयात आयंबिल शाळेची चौकशी करावी. चैत्र व आश्विनातील नवपद ओळीच्या नऊ दिवसांत ही सोय विशेष असते.

दुसरे उत्तर गुजराती थाळीचे. काळबादेवीतील दादीशेठ अग्यारी गल्लीतले श्री ठाकर भोजनालय १९४५ पासून चालू आहे. परगावच्या व्यापाऱ्यांना घरासारखे पान मिळावे, ही अशा जुन्या भोजनालयांची परंपरा. थाळीत दोन-तीन भाज्या असतात. त्यांतल्या कोणत्या चालतील हे पान मांडण्यापूर्वी विचारावे, वाढून झाल्यावर नव्हे. एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. श्रीखंड किंवा कच्च्या दह्याचे रायते आणि डाळ-कडधान्य एका पानात आले की द्विदलाचा दोष लागतो. ज्यांना हा नियम आहे त्यांनी दोहोंपैकी एकच घ्यावे.

तिसरे उत्तर ताडदेवचे. तेथील स्वाती स्नॅक्स १९६३ मध्ये सुरू झाले आणि केळीच्या पानात भाजलेल्या तांदळाच्या पानकीमुळे त्याचे नाव झाले. नातीच्या हौसेला आणि आजीच्या पोटाला एकाच टेबलावर बसवणारी ही जागा. मात्र येथे दुपारी बाराच्या सुमारास जावे. म्हणजे पुरिमड्ढ करणाऱ्यालाही ती सोयीची ठरते. वाळकेश्वरचे बाबू अमीचंद पनालाल आदीश्वर मंदिर येथून फार दूर नाही. दर्शन आधी, जेवण नंतर, हा क्रम येथेही जमतो.

चौथे उत्तर माटुंग्याचे. दादरला उतरणाऱ्या कुटुंबाला ते जवळ पडते. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासूनचे. उडुपीच्या मठातील पाकपरंपरा मुळात कांदा-लसणाविनाची आहे, त्यामुळे दाक्षिणात्य जेवण जैनांना जवळचे वाटते. पण सांबारात गाजर-बटाटा असू शकतो आणि चटणीत आले. इडली-डोशाचे पीठ रात्रभर आंबवलेले असते. वासी न खाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

राहिले कॅफे. तेथे जाऊच नये असे सांगून काही साधत नाही. काय विचारायचे हे शिकवणे अधिक उपयोगाचे. हिरवा ठिपका म्हणजे पदार्थ शाकाहारी, एवढेच. अंडे त्यात बसत नाही, पण मध बसतो, कांदा बसतो, बटाटाही बसतो. ‘जैन’ हा शब्द यादीवर छापलेला असला तरी बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ कांदा, लसूण, बटाटा नाही, इतकाच असतो. म्हणून चार प्रश्न पाठ असावेत. ग्रेव्हीचा मसाला ताजा होतो की आधीच वाटून ठेवलेला असतो? त्यात ओले आले आहे काय? बिनअंड्याचा पॅनकेक किंवा वॉफल अंड्याच्याच तव्यावर होतो काय? तळण्याचे तेल वेगळे आहे काय? प्रश्न नम्रपणे विचारले की आचारी सहसा खरे सांगतो. उत्तर अडखळत आले, तर फळे आणि दूध घेऊन उठावे. त्यात कमीपणा नाही.

या प्रश्नांमागचे कारण मुलांना सांगितले तर नियम ओझे वाटत नाही. कंदमुळात एकाच शरीराच्या आश्रयाने अनंत जीव राहतात आणि ते उपटताना अख्खे झाड जाते. म्हणून ते वर्ज्य. मग ‘हळद कशी चालते?’ असे एखादी नात हमखास विचारते. सांगलीच्या घरात या प्रश्नाचे उत्तर दुकानातच असते. ओली हळद कंद आहे म्हणून ती खात नाहीत; शिजवून वाळवलेली हळद आणि सुंठ सुकून निर्जीव झालेली असतात म्हणून चालतात. ज्या सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिच्यातच हा विवेक दिसतो.

शेवटी दिवसाचा हिशेब. अकराला पोटभर जेवण झाले की दुसरे पान सूर्यास्तापूर्वीच घ्यायचे असते. हिवाळ्यात मुंबईचा सूर्य सहानंतर लगेच मावळतो. त्यामुळे साडेपाचला बाजार आवरता घ्यावा लागतो. नेमक्या त्याच वेळी दुकानदार नवे गठ्ठे उलगडू लागतो. अशा वेळी आजीजवळचा डबा उपयोगी पडतो. बिनलसणाची दशमी, साताऱ्याचे कंदी पेढे, कांदा-लसणाविना घरी केलेले भडंग एवढे धर्मशाळेत बसून उजेडी खाल्ले की चौविहाराची वेळ सांभाळली जाते. त्यानंतर परतीची रात्रगाडी निश्चिंतपणे गाठता येते.

मुंबईत जैन माणसाला खायला मिळत नाही, ही तक्रार आज खरी नाही. अडचण होते ती वेळ आधी न ठरवल्यामुळे आणि विचारण्याच्या संकोचामुळे. गाडीचे तिकीट काढतानाच भोजनशाळेला निरोप गेला, तर पुढच्या खेपेला आजी गावी राहणार नाही. आणि आचाऱ्याला काय विचारायचे, हे नात तिच्या शेजारी बसून शिकेल.