गव्हाच्या प्रदेशात गव्हाविना : सीलियाक आजार आणि ज्वारी उत्पादकाचे काम

ज्येष्ठातील प्रत्येक मंगळवारी लखनौ शहरात ‘बडा मंगल’ साजरा होतो. उत्तरेकडील पंचांग पौर्णिमान्त असल्याने तेथील ज्येष्ठ आपल्या वैशाखाच्या कृष्ण पक्षातच सुरू होतो. या उत्सवाचे मूळ अलीगंज येथील जुन्या हनुमान मंदिरात मानले जाते. मंदिराच्या शिखरावर चंद्रकोर असून त्याच्या उभारणीची कथा अवधच्या नवाब घराण्यातील एका बेगमेशी जोडली जाते. त्या दिवशी रस्तोरस्ती भंडारे लागतात आणि जात-धर्म न विचारता प्रत्येकाच्या हाती पुरी, भाजी, बुंदी व सरबत दिले जाते.

सीलियाक आजार असलेल्या मुलाच्या दृष्टीने या पानाकडे पाहिले तर चित्र बदलते. पुरी गव्हाची, म्हणून ती वर्ज्य. भाजी बटाट्याची असली तरी तिच्या फोडणीतील हिंगात बहुधा मैदा असतो. बुंदी बेसनाची असते; पण तिची कढई पुऱ्या तळलेलीच असण्याचा संभव अधिक. निर्धोक उरते ते सरबत. प्रसाद नाकारण्याचा संकोच मुलाला आणि आईला दोघांनाही होतो, आणि ‘एवढ्याशाने काय होते’ हा आग्रह प्रेमापोटीच केला जातो. या आजारात मात्र एवढ्याशानेही होते.

गव्हाच्या पिठाला जो चिवट ताण येतो तो ग्लूटेन या प्रथिनसमूहामुळे. ग्लायडिन व ग्लुटेनिन हे त्याचे दोन मुख्य घटक होत. बार्ली आणि राय या धान्यांतही त्याच्याशी जवळचे नाते असणारी प्रथिने असतात. ज्यांच्या जनुकीय घडणीत डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ हा प्रकार आहे, त्यांच्यापैकी काही थोड्या व्यक्तींमध्ये अर्धवट पचलेल्या ग्लायडिनविरुद्ध शरीराची प्रतिकारयंत्रणा उभी राहते आणि लहान आतड्यातील अन्नरस शोषणाऱ्या केसांसारख्या उंचवट्यांची हानी करते. उंचवटे सपाट झाले की खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. अतिसार, पोट फुगणे, न वाढणारी उंची, गोळ्या देऊनही न हटणारा रक्तक्षय, उशिरा येणारे वयात येणे अशी त्याची रूपे असतात. कित्येक प्रौढांत तर केवळ रक्तक्षय किंवा ठिसूळ हाडे एवढेच लक्षण दिसते.

या आजाराचा धान्याशी असलेला संबंध विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी उलगडला. १९४४–४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला आणि इतर मुले उपासमारीने खंगत असताना सीलियाकची मुले सुधारू लागली. पाव परत आला तसा आजारही परतला. त्याआधीच्या दशकापासून डिके यांच्या मनात असलेल्या शंकेला त्यामुळे बळ मिळाले आणि १९५० मध्ये त्यांनी आपला प्रबंध सादर केला.

भारतात हा आजार युरोपीय लोकांचा समजला जात असे. तो समज आता टिकत नाही. लुधियानातील शालेय मुलांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ३१० मुलांमागे एक रुग्ण आढळला. दिल्ली परिसरातील २०११ च्या अभ्यासात हे प्रमाण सुमारे ९६ व्यक्तींमागे एक असे निघाले. कृषी क्षेत्राच्या दृष्टीने अधिक बोलका अभ्यास २०१६ चा आहे. उत्तर, ईशान्य व दक्षिण भारतातील २३ हजारांहून अधिक प्रौढांच्या त्या तपासणीत उत्तरेत हजारी सुमारे साडेआठ, ईशान्येत सुमारे साडेचार आणि दक्षिणेत जवळजवळ नगण्य इतके रुग्ण आढळले. आजाराला अनुकूल जनुके मात्र तिन्ही भागांत साधारण सारख्याच, म्हणजे एक-तृतीयांश लोकांत होती. मोठा फरक होता तो ताटात. उत्तरेतील व्यक्ती दिवसाला सरासरी साडेचारशे ग्रॅमच्या आसपास गहू खात होती, तर दक्षिणेतील व्यक्ती पंचवीस ग्रॅम.

महाराष्ट्र या दोन टोकांच्या मध्ये उभा आहे. दोन पिढ्यांपूर्वी भाकरीवर जगणाऱ्या घरांत आज दोन्ही वेळा पोळी असते. म्हणून लखनौचा अनुभव येथील विस्तार कार्यकर्त्याला परका मानून चालणार नाही. तेथील संजय गांधी स्नातकोत्तर आयुर्विज्ञान संस्थेच्या बालरोग विभागाने या आजारावर दीर्घकाळ काम केले आहे.

येथे एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. बोलीभाषेत ज्याला सरसकट ‘गव्हाची अॅलर्जी’ म्हटले जाते त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. खरी अॅलर्जी थोड्याच वेळात अंगावर पित्त, सूज किंवा धाप अशा रूपात प्रकट होते. सीलियाक हा स्वप्रतिकारक आजार असून त्याची हानी सावकाश आणि पुष्कळदा मूकपणे होते. तिसरी ग्लूटेन-संवेदनशीलता, हिच्यात गहू खाल्ल्यावर पोटदुखी, गॅस, थकवा जाणवतो, परंतु आतड्याची हानी दिसत नाही आणि तिच्यासाठी निश्चित अशी रक्तचाचणीही नाही. नॉर्वेतील २०१८ च्या एका अभ्यासात अशा व्यक्तींना ग्लूटेनपेक्षा फ्रुक्टान या कर्बोदकाचाच अधिक त्रास होत असल्याचे दिसले. हे फ्रुक्टान गव्हाप्रमाणे कांदा-लसणातही असते. त्यामुळे गहू सोडून बरे वाटले म्हणजे सीलियाकच आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

निदानासाठी टीटीजी प्रतिपिंडाची रक्तचाचणी आणि गरजेनुसार दुर्बिणीद्वारे घेतलेला आतड्याचा तुकडा तपासला जातो. या दोन्ही तपासण्या गहू खाणे चालू असतानाच कराव्या लागतात. शेजाऱ्याच्या सल्ल्याने आधीच गहू बंद केला तर चाचणी निर्दोष येऊ शकते आणि आजार झाकला जातो. गावपातळीवर पोषणविषयक मार्गदर्शन करणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट सांगितली तरी मोठे काम होईल. रुग्णाचे आई-वडील, भावंडे व मुले यांचीही तपासणी व्हावी. टाइप-१ मधुमेह असलेल्यांतही हा आजार अधिक आढळतो.

आता खपलीविषयी. सांगली, सातारा, कोल्हापूर व बेळगाव परिसरातील हा जुना गहू, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या ‘एमएसीएस २९७१’ सारख्या वाणांमुळे पुन्हा बाजारात मान मिळवीत आहे, ही आनंदाची बाब आहे. परंतु काही विक्रेते त्याची जाहिरात ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणून करतात. हे विधान चुकीचे आहे आणि सीलियाक रुग्णासाठी धोक्याचे आहे. खपली हा गहूच आहे. बन्सी, बक्षी, शरबती यांतही ग्लूटेन असतेच. खपलीची चव, खीर, दाणेदार रवा हे गुण खरे आहेत आणि त्यांवर तो विकला जावा. जो गुण त्यात नाही तो त्याला चिकटवण्याची गरज नाही. ‘जुन्या गव्हात ग्लूटेन नव्हते, सुधारित वाणांनी ते आणले’ हाही असाच एक लोकप्रिय समज. अमेरिकेतील गव्हाच्या विसाव्या शतकातील नोंदी तपासून डोनाल्ड कासार्डा यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की प्रथिनांचे प्रमाण वाढल्याचा पुरावा त्यांत मिळत नाही.

रुग्णाचा खरा आधार आहे ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, राजगिरा, मका आणि तांदूळ. महाराष्ट्राचे उपवासाचे ताट बहुतेक अंशी आपोआप ग्लूटेनमुक्त असते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ज्वारीच्या पिठाला ताण नसतो म्हणून उत्तरेतील घरांत तिची पोळी लाटताना तुटते. आपल्याकडील गृहिणी उकळत्या पाण्यात पीठ भिजवून स्टार्चचा चिकटपणा वापरते आणि भाकरी हाताने थापते. धान्याबरोबर ही रीतही प्रवासाला गेली पाहिजे.

मात्र ज्वारी निसर्गतः ग्लूटेनमुक्त असली तरी पोत्यातील ज्वारी तशी असेलच असे नाही. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार ‘ग्लूटेनमुक्त’ लिहिलेल्या पदार्थात किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन चालत नाही. याचा हिशेब शेतकऱ्याच्या भाषेत मांडून पाहू. गव्हाच्या हजार दाण्यांचे वजन सुमारे ४० ग्रॅम, म्हणजे एक दाणा ४० मिलिग्रॅम. त्यात प्रथिने ११ टक्के धरली आणि त्यांपैकी चार-पंचमांश ग्लूटेन मानले, तर एका दाण्यात साधारण साडेतीन मिलिग्रॅम ग्लूटेन येते. म्हणजे एक किलो ज्वारीत गव्हाचे सहा दाणे पडले की मर्यादा ओलांडली गेली. क्विंटलमागे हे प्रमाण जेमतेम २३ ग्रॅम, एका मुठीहूनही कमी. पिठाच्या गिरणीत तर किलोभर ज्वारीत गव्हाचे पाव ग्रॅम पीठ, म्हणजे चिमूटभर, मिसळले तरी पुरे.

रब्बी ज्वारी आणि गहू यांची काढणी मागेपुढे होते आणि मळणी यंत्र तेच असते. खळे तेच, बारदानही पुष्कळदा गव्हाचेच. त्यामुळे रुग्णांसाठी धान्य पुरवू इच्छिणाऱ्या शेतकरी गटाने ज्वारीची मळणी गव्हाच्या आधी उरकावी. ते शक्य नसल्यास यंत्र पूर्ण झाडून घ्यावे आणि पहिली काही पोती वेगळी काढून नेहमीच्या बाजारात विकावीत. नवी पोती, वेगळी साठवण आणि फक्त भरडधान्यासाठी राखलेली गिरणी हा खर्च आहे, हे मान्य केले पाहिजे. एकट्या शेतकऱ्याला तो परवडणार नाही. उत्पादक कंपनीने एक गिरणी राखून ठेवली आणि प्रत्येक लॉटची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी करून घेतली, तरच वेष्टनावर ‘ग्लूटेनमुक्त’ हा शब्द यावा. तपासणीविना तो छापणे हा कायद्याचा भंग तर आहेच, शिवाय त्या शब्दावर विश्वास ठेवून भाकरी खाणारे मूल त्याची किंमत मोजते.

प्रक्रिया उद्योगातील महिला गटांनी दोन घटकांवर विशेष लक्ष ठेवावे. पहिला बांधानी हिंग. हाथरसच्या हिंगाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कच्च्या हिंगात मैदा व डिंक मिसळून खाण्याचा हिंग तयार करण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, तो पापड-मसाल्यांसाठी निवडावा. दुसरा घटक सातू. मराठीत सातू म्हणजे बार्ली. उत्तर प्रदेशात सत्तू म्हणजे भाजक्या हरभऱ्याचे पीठ, ज्यात जव मिसळण्याचीही पद्धत आहे. आणि आपल्याकडच्या सातूच्या पिठात गहू असतो. एकाच नावाखाली तीन पदार्थ असल्याने वेष्टनावर घटकांची यादी स्पष्ट हवी. थालीपिठाच्या भाजणीतही बहुतेक घरी मूठभर गहू पडतो; रुग्णासाठीची भाजणी स्वतंत्र भाजून स्वतंत्र दळावी.

ग्लायडिन कमी असलेला गहू घडवण्याचे प्रयत्न स्पेनमधील कोर्दोबा येथे जनुक-संपादनाने झाले असून त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णाच्या ताटापर्यंत तो गहू अद्याप पोहोचलेला नाही. तोवर या रुग्णांची भिस्त स्वच्छ मळलेल्या ज्वारीच्या पोत्यावर आहे, आणि ते पोते सोलापूर-मंगळवेढ्यातून लखनौपर्यंत जाऊ शकते.