रेडिएशनसोबत व्हिटॅमिन सी: गोळी आणि सलाईनमध्ये फरक काय?

कॅन्सरवर रेडिएशन सुरू असताना व्हिटॅमिन सीचा उपयोग होतो का? ते तोंडावाटे घेतलं की शिरेतून, यावर उत्तर बदलतं.

गोळ्या कितीही घेतल्या तरी आतडी ठरावीक प्रमाणातच व्हिटॅमिन सी शोषतात, जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकने १९७९ आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत कॅन्सरच्या रुग्णांना रोज १० ग्रॅम व्हिटॅमिन सी तोंडावाटे दिलं होतं. फायदा दिसला नाही.

शिरेतून दिल्यास मात्र रक्तातली पातळी अनेक पटींनी वाढते. मग एरवी अँटिऑक्सिडंट असलेलं हेच जीवनसत्त्व हायड्रोजन पेरॉक्साईड तयार करतं. कॅन्सरच्या पेशींमध्ये मोकळं लोह जास्त असल्याने त्यांना याचा फटका अधिक बसतो. रेडिएशनही पेशींच्या डीएनएवरच घाव घालतं, म्हणून दोन्ही एकत्र वापरण्याची कल्पना पुढे आली.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात स्वादुपिंडाच्या आणि मेंदूच्या कॅन्सरवर याच्या छोट्या चाचण्या झाल्या. परिणाम आशादायक होते. पण मोठ्या तुलनात्मक चाचण्यांशिवाय हा नेहमीचा उपचार ठरत नाही.

शिवाय धोकाही आहे. जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांच्या लाल रक्तपेशी फुटू शकतात. किडनीच्या रुग्णांनाही जपावं लागतं.

जेवणातलं लिंबू, आवळा ही वेगळी गोष्ट. पण मोठ्या डोसच्या गोळ्यांमुळे रेडिएशनचा परिणाम कमी होण्याची शंका असते. त्यामुळे त्या सुरू करण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.