नामांकित कंपनीचा संगणक आणि बाजारातील सुटे भाग

शाळा, ग्रंथालये, सहकारी संस्था आणि लहान कार्यालये यांतील टेबलावरचा संगणक मंदावला, की तो मोडीत काढण्याचा विचार पुढे येतो. वास्तविक अनेकदा त्याचे एक-दोन भागच जीर्ण झालेले असतात. ते बदलल्यास संगणक आणखी काही वर्षे उपयोगी पडतो. मात्र तो नामांकित कंपनीचा असेल, तर बाजारातील कोणता भाग त्यात बसेल, याची शहानिशा आधी करणे आवश्यक असते.

सारखेपणा कसा आला?

आयबीएम कंपनीने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ सादर केला. त्याची रचना खुली असल्यामुळे इतर उत्पादकांना जुळणारे भाग तयार करता आले. पुढे १९९५ मध्ये इंटेल कंपनीने ‘एटीएक्स’ हे मानक जाहीर केले. मदरबोर्डचा आकार, स्क्रूंच्या जागा आणि वीजजोडणी त्यात निश्चित करण्यात आली. त्यामुळे निरनिराळ्या उत्पादकांचे भाग एकत्र बसविणे सुलभ झाले.

नामांकित कंपन्यांनी मात्र हे मानक सर्वत्र पाळले नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस डेल कंपनीच्या काही संगणकांतील वीजजोडणीचा प्लग दिसण्यात एटीएक्ससारखाच होता. परंतु त्यातील तारांचा क्रम वेगळा होता. बाजारातील पॉवर सप्लाय त्यास जोडल्यास मदरबोर्ड जळण्याचा धोका होता. आजही अनेक कार्यालयीन संगणकांत २४ पिनांच्या प्रचलित प्लगऐवजी कंपनीची स्वतःची जोडणी आढळते. प्लग बसला म्हणजे भाग जुळला, असे समजणे म्हणूनच योग्य नव्हे.

काय बदलता येते?

सर्वांत गुणकारी बदल म्हणजे फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसविणे. तिच्यात फिरणारा भाग नसल्यामुळे माहिती जलद मिळते. जुन्या संगणकातील ‘साटा’ जोडणीस अडीच इंची एसएसडी सहसा जुळते. तत्पूर्वी सर्व माहितीची प्रत अन्यत्र ठेवावी.

दुसरा बदल रॅम वाढविण्याचा. डीडीआर-३ प्रकारच्या पट्टीला २४०, तर डीडीआर-४ पट्टीला २८८ पिना असतात. त्यांच्या खाचाही वेगळ्या जागी असतात. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. मदरबोर्ड किती रॅम स्वीकारतो, हे उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेत पाहावे.

मदरबोर्ड व पॉवर सप्लाय बदलताना सर्वाधिक दक्षता हवी. पेटीचा आकार, स्क्रूंच्या जागा, प्लगमधील तारांचा क्रम आणि पुढील बटणाची जोडणी या चारही बाबी जुळल्याखेरीज खरेदी करू नये. पॉवर सप्लायची पेटी मात्र उघडू नये. वीज बंद केल्यावरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

खर्चापूर्वीचा विचार

विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि मान्य यादीतील प्रोसेसर लागतो. ते नसल्यास केवळ रॅम वाढवून प्रश्न सुटत नाही. अशा संगणकावर लिनक्स प्रणाली वापरून लेखन, हिशेब व वाचन ही कामे करता येतात.

दुरुस्ती अशक्य ठरल्यास संगणक भंगारात न टाकता नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे पोहोचेल, अशी व्यवस्था करावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांचा हेतूही तोच आहे. परंतु चालू शकणारा संगणक कचऱ्यात जाऊ न देणे, ही त्याआधीची पायरी होय. त्यासाठी पेटी उघडून आतील भागांची नोंद करणे, एवढाच आरंभ पुरेसा आहे.