तीन हजार पिढ्यांचं यान आणि पाटणचा मठ

'स्टार ट्रेक' या अमेरिकी कल्पित विश्वात यानांची चक्क वंशावळ आहे. बाविसाव्या शतकातलं पहिलं 'एंटरप्राइज', तेविसाव्या शतकातलं सव्वाचारशे-साडेचारशे माणसांचं, चोविसाव्या शतकातलं हजारावर माणसांचं, कुटुंबकबिल्यासह फिरणारं. दर पिढीला वेग वाढतो आणि इंजिनं सुधारतात. लेखक मंडळींनी मधेच वेग मोजायची पट्टीसुद्धा बदलून टाकली. पण या सगळ्या चढत्या आलेखात खरी गंमत आहे ती १९९२ साली दाखवल्या गेलेल्या 'रेलिक्स' या एका भागात.

पहिल्या मालिकेतल्या यानाचा मुख्य अभियंता स्कॉटी त्यात पंचाहत्तर वर्षांनी, वयात एका दिवसाचीही भर न पडता, नव्या यानावर येतो. इंजिनघरात शिरतो आणि पावलोपावली अडखळतो. त्याच्या काळी इंजिनातले स्फटिक झिजले की बदलावे लागत, आता ते जागच्या जागी दुरुस्त होतात. नव्या मुख्य अभियंत्याला या म्हाताऱ्याची कटकट होते. पुढे संकटात टाकीतल्या दाबाची मर्यादा ओलांडायची वेळ येते, तेव्हा नवा अभियंता नियमावर बोट ठेवतो. स्कॉटी शांतपणे सांगतो की तो नियम त्यानंच लिहिलाय, आणि चांगला अभियंता कागदावर नेहमी थोडं हातचं राखून लिहितो. टाकी किती सोसते हे कागदाला ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्याला होतं.

ही निव्वळ नाट्यमय कलाटणी नव्हे. चंद्रावर माणसं नेणाऱ्या 'सॅटर्न-५' रॉकेटचे आराखडे हरवले, अशी एक लोकप्रिय अफवा आहे. आराखडे सुरक्षित आहेत. हरवलं ते दुसरंच. त्या रॉकेटच्या पहिल्या टप्प्यातलं 'एफ-१' इंजिन नासाच्या मार्शल केंद्रातल्या तरुण अभियंत्यांनी पुन्हा अभ्यासायला घेतलं आणि २०१३च्या जानेवारीत त्याचा गॅस जनरेटर चालवूनही पाहिला. त्यासाठी त्यांना जुनं इंजिन सुटं करून त्याचे भाग स्कॅन करावे लागले. साठच्या दशकातल्या वेल्डरांनी आणि फिटरांनी प्रत्येक इंजिनावर हातानं केलेले बारीकसारीक फेरफार कागदावर उतरलेच नव्हते.

भारतानं हा धडा उलट्या बाजूनं गिरवला. १९७४ साली इस्रोनं फ्रान्सच्या 'एसईपी' कंपनीशी करार केला. तिथल्या 'वायकिंग' इंजिनाचं ज्ञान घ्यायचं आणि त्याचा मोबदला आपल्या अभियंत्यांच्या श्रमातून द्यायचा, असा तो सौदा. नंबी नारायणन यांच्यासारखे अभियंते तिथे जाऊन राबले. कागद तर आलेच, पण हाताला लागलेलं वळणही सोबत आलं. त्यातून झालेलं 'विकास' इंजिन पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात आहे आणि २०२३ मध्ये चंद्रयान-३ नेणाऱ्या एलव्हीएम-३ मध्ये तशी दोन होती. मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात ही इंजिनं बनतात. पैसे मोजून खोकं आणलं असतं तर आपण कधीच एवढे पुढे गेलो नसतो, असं खुशाल म्हणावं.

हे सगळं एका आयुष्यात मावणारं. ताऱ्यांकडे जायचं तर हिशेबच वेगळा होतो. १९७७ साली निघालेलं 'व्हॉयेजर-१' सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगानं चाललंय. सूर्याला सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षं दूर आहे. त्या वेगानं तेवढं अंतर कापायला साधारण ७५ हजार वर्षं लागतील. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर तीन हजार पिढ्या. मग वेगवान यान? ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीनं १९७०च्या दशकात 'डिडॅलस' यानाचा आराखडा केला. अणुसंमीलनावर चालणारं, प्रकाशाच्या १२ टक्के वेगाचं, बर्नार्डच्या ताऱ्याकडे पन्नासेक वर्षांत पोचणारं. ते कागदावरच राहिलं.

आणि घाई केली तर फजिती. व्हॅन व्होट यांच्या १९४४च्या 'फार सेंटॉरस' कथेत काही माणसं औषधाच्या झोपेत पाचशे वर्षं प्रवास करून अल्फा सेंटॉरीला पोचतात, तर तिथे माणसांची वस्ती आधीच थाटलेली. मधल्या काळात वेगवान यानं निघाली आणि यांना ओलांडून पुढे गेली. वर त्या नव्या लोकांना या पूर्वजांच्या अंगाचा वासही सोसवत नाही.

रॉबर्ट हाइनलाइन यांच्या १९४१च्या 'युनिव्हर्स' कथेतलं संकट याहून गहिरं आहे. त्यातलं यान पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. आपण यानात आहोत हेच आतली माणसं विसरली आहेत. भौतिकशास्त्राची जुनी पुस्तकं ती धर्मग्रंथासारखी वाचतात आणि गुरुत्वाकर्षणाचा नियम म्हणजे प्रेमावरचं रूपक, असा अर्थ लावतात. पुस्तक आहे, पाठांतर आहे, ते समजावून देणारा मात्र उरलेला नाही.

समजावून देणारा पिढ्यान्‌पिढ्या कसा टिकवायचा, या प्रश्नावर खानदेशात आठशे वर्षांपूर्वी एका माणसानं उत्तर शोधलं होतं. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ, आज गौताळा अभयारण्यात असलेल्या पाटणला नवरात्रात देवीच्या दर्शनाला जाणारे हजारो आहेत. तिथल्या शिलालेखासाठी जाणारे मोजके. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणलेला हा लेख इ. स. १२०७च्या सुमाराचा. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेला ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचा 'सिद्धान्तशिरोमणी' आणि घराण्यातले इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं इथे मठ स्थापला. लेखात घराण्याची वंशावळ आहे, दान देणाऱ्या निकुंभ वंशातल्या सोइदेवाचं नाव आहे.

शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि तो फार व्यवहारी आहे. गावात विकल्या जाणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळायचा तो वाटा मठाला. तेलाच्या घाण्यांकडूनही ठरावीक तेल मठाला. ग्रहांची गती शिकवणाऱ्या शाळेचा खर्च बाजारपेठेवर लावून ठेवलेला! पुण्य मिळेल म्हणून कुणीतरी चालवील, असं गृहीत धरलं नाही.

भास्कराचार्यांनी स्वतःही वारसांची सोय केली होती. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला आणि त्यावर 'वासनाभाष्य' हे स्पष्टीकरणही स्वतःच लिहिलं. नुसतं सूत्र देऊन थांबले नाहीत, ते तसं का हेही सांगितलं. एफ-१च्या फिटरांनी ठेवली नाही ती टीप त्यांनी ठेवली. पाटणचा मठ काळाच्या ओघात संपला. ग्रंथ संपला नाही. गणेश दैवज्ञांनी १५४५ साली त्यातल्याच 'लीलावती' या भागावर 'बुद्धिविलासिनी' टीका लिहून उपपत्ती दिल्या, १५८७ साली फैजीनं 'लीलावती' फारसीत नेली, १८१७ साली कोलब्रुकनं इंग्रजीत. इस्रोनं बनवलेल्या, १९७९ आणि १९८१ साली अवकाशात गेलेल्या उपग्रहांना 'भास्कर' हेच नाव मिळालं. ११५० पासून आजपर्यंत जेमतेम पस्तीस पिढ्या झाल्या. तीन हजारांतल्या पस्तीस.

धुळ्याला ज्ञान जपण्याचं हे काम दुसऱ्या टोकानं झालं. शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी पोथ्या गोळा केल्या, त्या तिथल्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड छापणारे वि. का. राजवाडे १९२६च्या अखेरीस धुळ्यातच वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. दप्तर जपणं हे एक काम, ते वाचता येणारा माणूस तयार करणं हे दुसरं. मोडी वाचणारे कमी होत गेले की पहिलं काम असून नसल्यासारखं होतं.

२०२३च्या नोव्हेंबरात व्हॉयेजर-१ निरर्थक आकडे पाठवू लागलं. संगणकाची एक चिप बिघडली होती. यान बांधणारे बहुतेक निवृत्त झालेले, काही हयातही नाहीत. आजच्या चमूनं सत्तरच्या दशकातली कागदपत्रं उकरली, प्रोग्रॅमचे तुकडे करून ते स्मृतीत दुसरीकडे बसवले आणि २०२४च्या एप्रिलमध्ये यान पुन्हा शुद्धीवर आलं. लिहून ठेवणारे आणि लिहिलेलं समजणारे, दोन्ही होते म्हणून.

मराठीत विज्ञानकथा लिहू पाहणाऱ्या खानदेशातल्या तरुणांनी एखादं यान पाटणहून सोडून पाहावं. त्याचं इंजिन कोणतं हे खुशाल हवं ते ठरवा. पण यानातल्या शाळेचा खर्च कोण देतं, मास्तर कोण आहे आणि त्याच्यानंतर कोण, हे पहिल्या प्रकरणातच लिहा.