गाडीत लपवलेला ट्रॅकर: तुमचा फोन कोणता शोधतो, कोणता नाही?

शिरूर-दौंडकडचे मित्र मला बऱ्याचदा विचारतात, "सेकंडहँड बाईक घेतलीय. कुणी ट्रॅकर लावला असेल तर ॲपने कळेल का?" उत्तर अर्धं हो, अर्धं नाही. ट्रॅकर मुख्यतः दोन प्रकारचे असतात आणि फोन त्यातला एकच पकडतो.

१. ब्लूटूथ टॅग

ॲपलचा एअरटॅग २०२१ मध्ये आला. त्यात ना सिम, ना जीपीएस. तो फक्त ब्लूटूथ सिग्नल सोडतो. जवळून जाणारा एखादा आयफोन तो पकडतो आणि ते ठिकाण मालकाला कळतं. म्हणून दौंड जंक्शनच्या गर्दीत लोकेशन पटकन अपडेट होतं. उसाच्या फडाजवळ, आसपास फोनच नसतील, तर रखडतं.

मे २०२४ मध्ये ॲपल आणि गूगलने यासाठी एकच मानक आणलं. ते पाळणारा अनोळखी टॅग तुमच्यासोबत फिरत राहिला, तर आयओएस १७.५ किंवा अँड्रॉइड ६ आणि त्यापुढच्या फोनवर सूचना येते. ब्लूटूथ आणि लोकेशन चालू ठेवा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये 'अननोन ट्रॅकर' सर्च करून स्वतःही स्कॅन करता येतं.

२. सिमवाला जीपीएस ट्रॅकर

हा उपग्रहांवरून स्वतःची जागा काढतो आणि मोबाईल नेटवर्कवरून पाठवतो. वरच्या स्कॅनमध्ये तो दिसत नाही. म्हणजे स्कॅन कोरा आला तरी गाडी 'क्लीन' आहे असं समजू नका. इथे टॉर्च आणि हातच लागतात:

- बाईक: सीटखाली, बॅटरीजवळ, साईड पॅनलमागे, हेडलाईटच्या मागे.
- कार: स्टिअरिंगखालचा ओबीडी पोर्ट, डॅशबोर्डखाली, सीटखाली, स्टेपनीजवळ, बंपरच्या आत, चाकावरच्या पोकळीत.

बॅटरीला जोडलेली जास्तीची वायर किंवा चुंबकाने चिकटलेली डबी दिसली तर ओळखीच्या मेकॅनिकला दाखवा.

सापडला तर?

लगेच वायर कापू नका. जुना मालक किंवा फायनान्स कंपनीने तो लावलेला असू शकतो, आधी विचारा. रांजणगाव एमआयडीसीत कामगारांना नेणाऱ्या बसमध्ये असेल तर त्यात नवल नाही: १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी झालेल्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना लोकेशन यंत्र सक्तीचं आहे. दुचाकी, तीनचाकीला मात्र ही सक्ती नाही.

कुणीच जबाबदारी घेत नसेल तर जागेवरच फोटो आणि स्क्रीनशॉट काढा. एअरटॅगची पांढरी बाजू एनएफसी असलेल्या फोनला लावली की सिरीयल नंबर दिसतो. तो जपून ठेवा, पोलिसांना मालक शोधायला उपयोगी पडतो.

ट्रॅकर बंद केला की लावणाऱ्यालाही ते कळू शकतं. त्यामुळे कुणाची भीती वाटत असेल तर तो न काढता थेट पोलीस ठाण्यात जा, किंवा ११२ वर फोन करा. महिलेचा पाठलाग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे.

आणि सेकंडहँड कार कनेक्टेड असेल, तर जुन्या मालकाचं ॲप लॉगइन आधी काढायला लावा. तिथे वेगळ्या ट्रॅकरची गरजच नसते.