झाशीतील दोन हजार आणि खतौनीची मेख

संसदेच्या अर्थसंकल्पी अधिवेशनाचे सूप २३ मार्च २०२० रोजी मुदतीआधीच वाजले. दुसऱ्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि २६ मार्चला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटींचे पॅकेज मांडले. शेतकऱ्यांसाठी त्यात काय होते? ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना एप्रिलमध्येच प्रत्येकी दोन हजार रुपये. गोम अशी की, ही रक्कम नवी नव्हतीच. पंतप्रधान किसान सन्मान निधीचे वार्षिक सहा हजार २०१९ पासून तीन हप्त्यांत मिळतच होते. त्यातला एक हप्ता लवकर आला, इतकेच. उत्तर प्रदेशात त्या वर्षी रोजगार हमीची मजुरी २०१ रुपये होती. म्हणजे मदत झाली ती दहा दिवसांच्या मजुरीएवढी.

मध्यस्थाला वाव न देता पैसा थेट बँक खात्यात जातो, हे या योजनेचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. गहू-हरभऱ्याच्या काढणीच्या दिवसांत झाशीच्या लहान खातेदाराला त्याचा आधार झालाच. प्रश्न खातेदार कोण, हा आहे.

मराठी माणसाला झाशी ठाऊक असते ती नेवाळकरांची. मे २०२० मध्ये मात्र मुंबई-पुण्याकडून परतणाऱ्या मजुरांचे लोंढे शिवपुरीच्या वाटेवर, झाशीच्या रक्सा सीमेवर अडवले गेले. कित्येकांना पुढे पूर्वांचलात जायचे होते. काहींचे गाव बुंदेलखंडातच होते. यांतील बरेच जण घरी शेतकरी आणि मुंबईत मजूर. परंतु सन्मान निधी पाहतो ती खतौनी, म्हणजे आपल्या सातबाऱ्याचे तिकडचे भावंड. जमीन वडिलांच्या नावे असेल तर सज्ञान मुलगा यादीबाहेर. १ फेब्रुवारी २०१९ नंतर नाव चढले असेल, तर ते वारसाहक्कानेच चढलेले हवे. बटाईने कसणाऱ्याचा तर कागदच नसतो. कूळ लागेल या धास्तीने मालक लिहून देत नाही. ओडिशाने ‘कालिया’ योजनेत बटाईदार आणि भूमिहीनांना स्थान दिले होते, तेव्हा हे अशक्य होते असे म्हणता येत नाही. दिल्लीने सोपी वाट धरली.

जूनमध्ये परतलेल्या मजुरांसाठी गरीब कल्याण रोजगार अभियान आले. निकष होता जिल्ह्यात किमान २५ हजार मजूर परतल्याचा. उत्तर प्रदेशातील ३१ जिल्ह्यांत शेजारच्या जालौनचे नाव होते, झाशीचे नव्हते!

सप्टेंबरमध्ये प्रश्नोत्तराच्या तासाविना संसद भरली. परतीच्या वाटेवर किती मजूर दगावले, या लेखी प्रश्नावर श्रम मंत्रालयाने लोकसभेत उत्तर दिले की अशी आकडेवारी ठेवलेली नाही. खातेदारांची यादी आधारसह तयार होती, मजुरांची नव्हती. असंघटितांच्या नोंदणीचे ई-श्रम पोर्टल ऑगस्ट २०२१ मध्ये उघडले.

झाशीकडे बोट दाखवताना आपल्या घरात डोकवावे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ‘नमो शेतकरी’तून आणखी सहा हजारांची भर घातली, ती केंद्राच्याच यादीवर. विदर्भ-मराठवाड्यात अर्धेलीने कसणाऱ्याचे नाव त्या यादीत आजही नाही.