जुनी पेटी पारखताना

माळ्यावरची जुनी पेटी विकायची की ठेवायची, असे विचारीत पुष्कळ मंडळी माझ्याकडे येतात. त्यांची नजर आधी पॉलिशवर जाते, मग झाकणावरच्या नावावर. दोन्हींवर माझा फारसा विश्वास नाही. भाता गळतो, हीही मोठी तक्रार नव्हे. कातडे नवे चढवता येते.

खरी परीक्षा आतल्या सुरांची, म्हणजे त्या पितळी जिभांची. पॅरिसच्या कास्रिएलच्या सुरांचा आपल्याकडे एवढा लौकिक झाला तो उगाच नव्हे. जीभ आणि तिची खाच यांत फट अगदी थोडी, म्हणून वारा वाया जात नाही आणि खर्जही चटकन बोलतो. हलक्या पेटीत आधी वारा फुसफुसतो, सूर मागून येतो. भात्यातली हवा संपत आली असता खालची पट्टी हळूच दाबून पाहावी. पेटीची जात तिथेच कळते.

मग झाकण काढून जिभा न्याहाळाव्यात. सूर चढवायला टोकाशी घासतात, उतरवायला मुळाशी. प्रत्येक जुळवणीत थोडे पितळ जातेच. मुळाशी ओरखड्यांची दाटी असेल तर ती जीभ फार दिवसांची सोबतीण नव्हे. पाचसहा सूर निराळ्या रंगाचे दिसले तर ते मागाहून बसवलेले, बहुधा सौराष्ट्रातल्या पालिताण्याचे. पालिताण्याचे सूर वाईट असे मुळीच नाही, पण ते पॅरिसच्या भावाने का घ्यावेत?

सूर बसवलेल्या पाटालाच चीर गेली असेल तर मात्र मी ती पेटी घेऊ देत नाही. एक पट्टी दाबावी तर शेजारचा सूरही कण्हू लागतो.